सिंहासनाची जागा : राष्ट्रपती भवनाचा इतिहास मुलांपर्यंत कसा न्यावा

जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या एका सरांनी विचारलं आहे : नववीच्या मुलांना दिल्लीला नेतो आहोत, राष्ट्रपती भवन दाखवणार आहोत. मागच्या वेळी मुलांनी गाइडने सांगितलेले आकडे वहीत उतरवून घेतले आणि परत आल्यावर त्यांना काहीच आठवेना. या वेळी जाण्याआधी शाळेत चार तासिका आणि आल्यावर गावासाठी एक जाहीर कार्यक्रम करायचा आहे. त्यात काय सांगावं, कसं सांगावं?

सर, संग्रहालयं आणि ऐतिहासिक वास्तूंमध्ये शाळांचे गट फिरवण्यात माझी वीसेक वर्षं गेली. त्या अनुभवावरून आधी एक कळकळीची विनंती : आकड्यांनी सुरुवात करू नका. 340 खोल्या, 330 एकरांचा परिसर, अंदाजे 70 कोटी विटा हे सगळं खरं आहे. पण मुलाच्या मनात त्यातून एवढंच उमटतं की इमारत मोठी आहे, आणि ते तर त्याला लांबूनही दिसतं. आकडा पाठ झाला की कुतूहल संपतं. त्यापेक्षा त्या अवाढव्य वास्तूतली एकच जागा धरा आणि त्या जागेवर वर्षं बदलत न्या. मी धरतो ती जागा म्हणजे मधल्या घुमटाखालच्या दालनात जिथे व्हाइसरॉय आणि त्यांच्या पत्नीची सिंहासनं होती ती. या दालनाला आपण दरबार हॉल म्हणत आलो, 2024 पासून त्याचं नाव गणतंत्र मंडप आहे.

पहिल्या तासिकेला वर्गात बसू नका, व्हरांड्यात या. खडूने फरशीवर हातभर लांबी-रुंदीचा चौकोन काढा. पाच चिठ्ठ्या करा आणि पाच मुलांना द्या. पहिलीवर 1931 : नवी दिल्ली राजधानी म्हणून समारंभपूर्वक सुरू झाली, इमारतीचं नाव व्हाइसरॉय हाउस, चौकोनात सिंहासन. दुसरीवर 15 ऑगस्ट 1947 : याच दालनात माउंटबॅटन यांनी स्वतंत्र भारताचे गव्हर्नर जनरल म्हणून आणि पंडित नेहरूंनी पंतप्रधान म्हणून शपथ घेतली. तिसरीवर 15 ऑगस्ट 1949 : याच इमारतीच्या भव्य दालनांत राष्ट्रीय संग्रहालय सुरू झालं. चौथीवर 26 जानेवारी 1950 : डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी पहिले राष्ट्रपती म्हणून इथेच शपथ घेतली. पाचवीवर आज : तिथे गुप्तकाळातली, पाचव्या शतकातली बुद्धमूर्ती उभी आहे आणि तिच्यासमोर राष्ट्रपतींची खुर्ची असते.

मुलं एकेक करून चौकोनात उभी राहतात आणि आपली चिठ्ठी वाचतात. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचा : "तू इथे उभा आहेस, तर तुझ्यासमोर कोण आहे? ते मान खाली घालून उभे आहेत की तुझ्याकडे बघताहेत?" मी हे कित्येक शाळांत केलं आहे. पहिल्या चिठ्ठीला वर्ग मजेत असतो, सिंहासनावर बसायला सगळ्यांनाच आवडतं. तिसऱ्या चिठ्ठीपर्यंत आवाज बदलतो. एका मुलीने विचारलं होतं, "राजाच्या घरात संग्रहालय केलं, मग तिकीट काढून कुणीही आत जायचं?" तिकिटाचं मला माहीत नव्हतं, पण तिला जे कळलं होतं ते नेमकं तेच होतं जे मला शिकवायचं होतं. भिंती त्याच राहिल्या. आत कुणी यायचं आणि कोणत्या नात्याने यायचं, ते बदललं. तुमच्या चारही तासिकांचा गाभा हाच असू द्या.

या 1949 च्या चिठ्ठीवर थोडा वेळ द्या, कारण ती गोष्ट मोठ्यांनाही ठाऊक नसते. 1947-48 च्या हिवाळ्यात लंडनमध्ये भारतीय कलेचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. त्यासाठी देशभरातल्या संग्रहालयांनी आपल्या उत्तमोत्तम मूर्ती आणि चित्रं पाठवली होती. त्या वस्तू परत आल्या तेव्हा, ज्यांच्या त्या आहेत त्या लोकांना तरी त्या एकत्र बघता याव्यात म्हणून दिल्लीत, तेव्हाच्या गव्हर्न्मेंट हाउसमध्ये, म्हणजे याच इमारतीत, मांडल्या गेल्या. त्यातूनच राष्ट्रीय संग्रहालय उभं राहिलं. त्याचं उद्घाटन केलं चक्रवर्ती राजगोपालाचारींनी, म्हणजे राजाजींनी, आणि 1960 मध्ये जनपथावरची स्वतंत्र इमारत होईपर्यंत ते राष्ट्रपती भवनातच होतं. म्हणजे लोकांना इतिहास दाखवायचं काम ही वास्तू फार आधीपासून करत आली आहे. दर्शनी खांबांमध्ये ठेवलेला रामपूर्वाचा वृषभ बघाल तेव्हा मुलांना हे आठवू द्या. मौर्यकाळातल्या अशोकस्तंभाच्या शिरावरचा तो बैल ब्रिटिश वास्तूच्या दारात उभा आहे.

राजाजींबद्दल दोन गोष्टी सांगाच. 1948 मध्ये ते गव्हर्नर जनरल झाले, त्या पदावरचे पहिले आणि शेवटचे भारतीय. व्हाइसरॉयच्या राहण्याच्या प्रशस्त दालनांत त्यांनी बिऱ्हाड केलं नाही, त्यापेक्षा साध्या खोल्या निवडल्या. नंतरच्या राष्ट्रपतींनी तोच पायंडा पाळला, आणि व्हाइसरॉयची दालनं परदेशी राष्ट्रप्रमुखांच्या मुक्कामासाठी राखली गेली. दुसरी गोष्ट : देशात धान्याची टंचाई होती म्हणून त्यांनी आवारातल्या काही जमिनीत गहू पेरला. शेतकऱ्यांच्या मुलांना यावर वेगळं समजावून सांगावं लागत नाही. बागेऐवजी गहू म्हणजे काय, हे ती माझ्यापेक्षा चांगलं सांगतात.

दुसऱ्या तासिकेसाठी एक प्रयोग. उंच टेबलाच्या पार मागच्या कडेला खोकं ठेवा, त्यावर एक वाटी पालथी घाला. खोकं म्हणजे इमारत, वाटी म्हणजे घुमट, टेबल म्हणजे टेकडीचा चढ. मुलांना वर्गाच्या दुसऱ्या टोकाला पाठवा आणि गुडघ्यांवर बसून, नजर टेबलाच्या खाली ठेवून पुढे यायला सांगा. लांबून खोकं आणि वाटी दोन्ही दिसतात. जवळ येत जाल तसं टेबलाची पुढची कड खोकं गिळत जाते आणि शेवटी फक्त वाटी उरते. दिल्लीत कर्तव्य पथावरून विजय चौकाकडे येताना नेमकं हेच होतं. जवळ जावं तशी इमारत मोठी दिसायला हवी, पण ती टेकडीमागे बुडते.

त्यामागे दोन वास्तुरचनाकारांचा वाद आहे. एडविन लट्यन्स यांनी व्हाइसरॉयचं घर रचलं आणि हर्बर्ट बेकर यांनी नॉर्थ ब्लॉक आणि साउथ ब्लॉक. सचिवालयाच्या या दोन इमारती रायसीना टेकडीवर घराच्याच पातळीला पुढे याव्यात, असा बेकर यांचा आग्रह होता आणि लट्यन्स यांनी सुरुवातीला तो मान्यही केला. चढामुळे आपलं घर झाकलं जाणार हे त्यांच्या पुरतं लक्षात आलं तेव्हा त्यांनी चढ कापून कमी करावा म्हणून बरीच खटपट केली, पण त्यांचं ऐकलं गेलं नाही. दोघांची मैत्री त्यात गेली. मुलांना हा प्रसंग फार भावतो, कारण त्यातून साम्राज्य नावाची धूसर गोष्ट एकदम माणसांची होते. नकाशावर सही करताना चूक करणारी, नंतर भांडणारी, खर्चाच्या मंजुरीसाठी अडून राहणारी माणसं. म्हणून दिल्लीत बस थेट दारापर्यंत नेऊ नका. निदान थोडं अंतर मुलांना चालवा आणि बुडणारी इमारत त्यांच्या डोळ्यांनी बघू द्या.

तिसरी तासिका मात्र जड आहे, तरी ती टाळू नका. डिसेंबर 1911 च्या दिल्ली दरबारात पाचव्या जॉर्जने राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला हलवण्याची घोषणा केली. पुढे जागा ठरली ती रायसीना टेकडीच्या परिसरात. ही जागा मोकळी नव्हती. रायसीना, मालचा अशी गावं तिथे होती, पिकाखालच्या जमिनी होत्या. त्या 1894 च्या भूसंपादन कायद्याखाली घेतल्या गेल्या. ज्या मुलांनी धरणासाठी किंवा रस्त्यासाठी जमीन गेलेली पाहिली आहे ती इथे गप्प होतात. त्यांना गप्प बसू द्या. त्या शांततेवर लगेच भाषण घालू नका.

आणि मग विचारा : ही इमारत बांधली कोणी? उत्तर येतं "लट्यन्सने". फळ्यावर लिहा. त्याखाली मुख्य अभियंता ह्यू कीलिंग यांचं नाव लिहा. मग कंत्राटदार : मुख्य इमारतीचं बरंचसं काम हारून-अल-रशीद यांचं, पुढच्या प्रांगणाचं सरदार सुजान सिंग आणि त्यांचे पुत्र सोभा सिंग यांचं. पुढची ओळ रिकामी सोडा. वाळूचा दगड कापणारे, विटा भाजणारे, चुना कालवणारे, डोक्यावरून पाट्या वाहणारे हजारो जण होते आणि त्यांत बायकाही होत्या. त्यांची नावं इमारतीवर कुठेही नाहीत. ती रिकामी ओळ आठवडाभर फळ्यावर राहू द्या, पुसू नका. घरचा अभ्यास एवढाच द्या : आपली शाळा, गावची विहीर किंवा बंधारा कुणी बांधला, घरच्या मोठ्यांना विचारून या. एका शाळेत या अभ्यासातून अकरा गवंड्यांची नावं निघाली आणि त्यांतले दोघे जाहीर कार्यक्रमाला पुढच्या रांगेत बसले होते. राष्ट्रपती भवनाच्या निमित्ताने घडलेलं यापेक्षा चांगलं इतिहासशिक्षण मी पाहिलेलं नाही.

अमेरिकेच्या व्हाइट हाउसचा अनुभव इथे उपयोगी पडतो. त्या घराची कोनशिला 1792 मध्ये बसली, आणि बांधकामात गुलाम कृष्णवर्णीयांचे हात होते. त्यांच्या कामाची मजुरी मालकांच्या हाती पडायची. पण पगारपत्रकं जपली गेली आणि त्यांत काही नावं उरली : पीटर, टॉम, बेन, हॅरी. फक्त पहिली नावं, आडनाव नाही. 1961 मध्ये जॅकलीन केनेडी यांच्या पुढाकाराने त्या घराच्या इतिहासासाठी स्वतंत्र संस्था स्थापन झाली, पुढच्याच वर्षी तिने लोकांसाठी मार्गदर्शक पुस्तक काढलं, आणि पुस्तकाच्या विक्रीतून आलेला पैसा पुन्हा त्याच घराच्या जतनाला लागला. सुरुवातीला भर होता सजावट, फर्निचर आणि राष्ट्राध्यक्षांच्या पत्नींवर. गुलामांचा, नोकरांचा, स्वयंपाक्यांचा इतिहास ठळकपणे सांगितला जायला बरीच दशकं गेली. आपल्याला तेवढं थांबायचं कारण नाही. पगारपत्रकातली चार नावं मुलांना वाचून दाखवा आणि मग पुन्हा फळ्यावरच्या रिकाम्या ओळीकडे बोट करा.

चौथ्या तासिकेचा विषय आहे दंतकथा, आणि इथे मी स्वतः चुकलो आहे ते सांगतो. फाळणीच्या वेळी व्हाइसरॉयच्या सोनेरी बग्गीवर भारत आणि पाकिस्तान दोघांनी हक्क सांगितला, शेवटी नाणं उडवून निर्णय झाला आणि बग्गी आपल्याला मिळाली, अशी गोष्ट सगळीकडे सांगतात. मीही ती वर्षानुवर्षं घडलेली घटना म्हणून रंगवून सांगायचो. एकदा सातवीतल्या मुलाने विचारलं, "नाणं कुठलं होतं? त्यावर राजाचं तोंड होतं का?" मला उत्तर देता आलं नाही, आणि ही गोष्ट मी कुठल्या कागदावर वाचली हेही आठवेना. त्या मुलाने मला माझं काम शिकवलं. तेव्हापासून मी मुलांना तीन रकाने आखायला लावतो : "डोळ्यांनी दिसतं", "कागदात आहे", "लोक सांगतात". गोष्ट टाकून द्यायची नाही, तिला तिच्या रकान्यात बसवायचं. बग्गी डोळ्यांनी दिसते. 2024 च्या प्रजासत्ताक दिनाला राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू आणि फ्रान्सचे अध्यक्ष मॅक्राँ अशाच पारंपरिक बग्गीतून संचलनाला आले होते, ते मुलांनी टीव्हीवर पाहिलेलं असेल. नाणेफेक मात्र तिसऱ्या रकान्यात.

खांबांवरच्या घंटांचंही तसंच. लट्यन्स यांनी या इमारतीसाठी खांबाची वेगळीच धाटणी काढली. तिच्या माथ्याच्या कोपऱ्यांवर छोट्या घंटा कोरल्या आहेत, दगडाच्या. लोक सांगतात की घंटेचा नाद बंद पडला की राज्य बुडतं अशी समजूत होती, म्हणून कधीच न वाजणाऱ्या आणि म्हणून कधीच बंद न पडणाऱ्या घंटा केल्या. घंटा पहिल्या रकान्यात, समजूत तिसऱ्यात. मग मुलांना वजाबाकी करू द्या : 1931 ते 1947, सोळा वर्षं. राजधानीच्या समारंभानंतर एवढंच त्या घंटांच्या घरात साम्राज्य नांदलं. मला बोलावंच लागत नाही, वर्गातून "बापरे" येतं.

प्रांगणातल्या जयपूर स्तंभावर इंग्रजीत ओळी कोरल्या आहेत. त्यांचा आशय असा : विचारात श्रद्धा, शब्दात शहाणपण, कृतीत धैर्य, आयुष्यात सेवा, म्हणजे भारत थोर होईल. वेळ उरला तर नुसतं विचारा, हे कोण कोणाला सांगतंय? 1931 मध्ये त्याचा अर्थ काय होता आणि आज तेच शब्द आपण वाचले तर काय होतो? नववीची मुलं यावर अर्धा तास बोलू शकतात, फक्त मध्ये उत्तर सांगायचं नाही.

नावांचा प्रश्न निघेलच. व्हाइसरॉय हाउस, मग गव्हर्न्मेंट हाउस, 26 जानेवारी 1950 पासून राष्ट्रपती भवन. मुघल गार्डनचं 2023 मध्ये अमृत उद्यान झालं, 2024 मध्ये दरबार हॉलचं गणतंत्र मंडप आणि अशोक हॉलचं अशोक मंडप. सगळी नावं वर्षांसकट फळ्यावर लिहा. कुठलंही नाव लपवू नका आणि वर्गात त्यावरून भांडणही लावू नका. "दरबार" या शब्दात कोण बसतं आणि "गणतंत्र" या शब्दात कोण बसतं, एवढा शब्दार्थ पुरतो.

प्रत्यक्ष भेटीबद्दल थोडक्यात. भेटीचे तीन भाग आहेत : मुख्य इमारत, संग्रहालय आणि उद्यान. नोंदणी आधी ऑनलाइन करावी लागते आणि शाळेच्या गटाने ती फार लवकर करावी. उद्यान वर्षातून ठरावीक काळच खुलं असतं, साधारण फेब्रुवारी-मार्च, तेव्हा डिसेंबरात गेलात तर मुलांना त्याची आशा दाखवू नका. संग्रहालयाला भरपूर वेळ ठेवा. ते जुन्या तबेल्यात आणि गॅरेजमध्ये उभं केलेलं आहे. तबेल्यातला भाग 2014 मध्ये सुरू झाला, गॅरेजमधला 2016 मध्ये. ही जागाही मुलांना वाचायला शिकवा : कमानी, दारांची उंची, घोडा कुठे बांधत असतील. आणि भेटीत वही बंद ठेवायला सांगा. प्रत्येकाने फक्त एक प्रश्न मनात घेऊन बाहेर यायचं. वह्या रात्री मुक्कामावर उघडायच्या.

आता गावातला कार्यक्रम. कृपा करून भाषणं ठेवू नका आणि भव्य इमारतीच्या फोटोंचा स्लाइड शोही नको. पारावर किंवा शाळेच्या मैदानात तोच खडूचा चौकोन काढा, आणि या वेळी चिठ्ठ्या वाचणारी माणसं गावातली असू द्या : एखादी आजी, ग्रामपंचायतीचा शिपाई, गवंडी, आशाताई. पाचव्या चिठ्ठीला अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांची गोष्ट जोडा. देशी बियाणं जपणाऱ्या राहीबाईंनी नोव्हेंबर 2021 मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते पद्मश्री स्वीकारली ती राष्ट्रपती भवनातच. राजाजींच्या गव्हापाशी सुरू झालेला धागा इथे आपोआप येऊन मिळतो, आणि शेवटच्या रांगेतल्या बायका पुढे सरकून बसतात. प्रतिभाताई पाटील 2007 मध्ये पहिल्या महिला राष्ट्रपती झाल्या, तो दिवस गावात अनेकांना आठवत असेल. त्या आठवणी मुलांनी त्याच वेळी लिहून घ्याव्यात, सांगणाऱ्याच्या नावासह आणि तारखेसह, कारण उद्या त्या "कागदात आहे" या रकान्यात जाणार आहेत.

एक सहावी कोरी चिठ्ठी जवळ ठेवा. कार्यक्रमाच्या शेवटी विचारा, शंभर वर्षांनी या चौकोनात काय असावं. एका शाळेत पाचवीतल्या मुलाने उठून सांगितलं होतं, "इथे एक बाक ठेवा. लांबून आलेल्या माणसाला बसायला." लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि तो मुलगा खडू घेऊन चौकोनात खरोखरच बाक काढायला बसला.